'रूट पुश करणे' : मार्ग ढकलायचा की कळवायचा?

प्रश्न असा आहे : ओपनव्हीपीएनमध्ये (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून देणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर क्लायंटला, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या मशीनला, रूट 'पुश' करतो, तर मराठी टिपणात 'मार्ग ढकलतो' लिहावं का? आणि आयपी देण्याला 'पत्ते वाटतो' म्हटलं तर चालेल का?

'ढकलतो' नको. आपण गाडी ढकलतो, काम दुसऱ्यावर ढकलतो, कसेबसे दिवस ढकलतो; निरोप ढकलत नाही. इथे जातो तो निरोपच. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.५.० असेल, तर सर्व्हर घरून काम करणाऱ्याच्या लॅपटॉपला सांगतो, 'तिकडे जायचं तर माझ्यामार्फत जा', आणि लॅपटॉप ते आपल्या रूटिंग टेबलात (कुठल्या पत्त्यासाठी कुठून जायचं याच्या यादीत) नोंदवतो. क्लायंटच्या सेटिंगच्या फाइलीत 'रूट-नोपुल' लिहिलेलं असलं तर तो हे मार्ग घेतच नाही. मानायचं की नाही हे ऐकणाऱ्याच्या हाती आहे, म्हणून 'सर्व्हर क्लायंटला मार्ग कळवतो' हेच चपखल.

माझा 'कळवणे'साठी आग्रह आहे तो आणखी एका कारणाने. हे क्रियापद लगेच विचारायला लावतं : कोणाकोणाला कळवलं? क्लायंटला झालं, पण ऑफिसच्या राउटरला? समजा क्लायंटला १०.८.०.६ हा पत्ता मिळाला. त्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत नीट पोचतं. प्रिंटर उत्तर देतो, ते नेहमीच्या गेटवेकडे, म्हणजे ऑफिसच्या राउटरकडे, सोपवतो. व्हीपीएन सर्व्हर वेगळ्या मशीनवर असेल, तर १०.८.०.० कुठे आहे हे त्या राउटरच्या गावीही नसतं. तो उत्तर इंटरनेटच्या दिशेने पाठवतो, आणि १० ने सुरू होणारे पत्ते खाजगी असल्याने ते वाटेतच टाकून दिलं जातं. सर्व्हरला पिंग (पोच तपासणारा छोटा संदेश) लागतो, प्रिंटरला लागत नाही, तो यामुळे. राउटरवर '१०.८.०.० साठी व्हीपीएन सर्व्हरकडे' असा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा मार्ग) घातला की परतीचा मार्गही कळवून झाला. टिपणात परतीच्या मार्गाचं हे दुसरं वाक्य हवंच.

'पत्ते वाटतो' व्याकरणात बसतं, पण वाचकाला आधी रमीचा डाव आठवेल. 'सर्व्हर पत्ता नेमून देतो' म्हणा. ऑफिसच्या नेटवर्कची रेंजही (पत्त्यांचा पट्टा) विचारपूर्वक निवडा. ऑफिसात १९२.१६८.१.० असेल आणि क्लायंटच्या घरीही तेच, तर लॅपटॉप ऑफिसचा प्रिंटर घरातच शोधत बसतो. अशा वेळी ऑफिसची रेंज बदलणं हाच खरा उपाय.

राउटर, गेटवे, पॅकेट हे शब्द आहेत तसेच ठेवा.