स्वीकारलं की पत्करलं?

प्रश्न असा आहे: ‘मी लहानपणापासून अडखळत बोलतो. हल्ली मी सांगतो, की मी माझं तोतरेपण स्वीकारलं आहे. मित्र म्हणतो, हे इंग्रजीवरून उचललेलं वाक्य आहे, मराठीत “पत्करलं” किंवा “मान्य केलं” म्हण. बरोबर कोण?’

आधी एक जुना राग. प्रश्नकर्त्याने ‘तोतरेपण’ लिहिलं, बरं वाटलं. नाहीतर जो तो सरसकट ‘बोबडा’ म्हणून मोकळा होतो. ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो तो बोबडा, त्याचा वर्णच बदलतो. तोतऱ्याचा वर्ण ठीकठाक असतो, फक्त सुटत नाही. मग क-क-काका तरी होतं, नाहीतर ‘क’वर घसा घट्ट मिटतो आणि समोरचा परोपकारी शब्द पुरवतो, बहुधा चुकीचा. ‘त त प प करणे’ हे खोटं पकडल्या गेलेल्यांसाठी राखून ठेवणाऱ्यांनाही सांगतो, खरं बोलतानाही तसं होतं. स्वतःचं नाव सांगताना तर हमखास.

आता ‘पत्करणे’. हार पत्करतात, धोका पत्करतात, वैर पत्करतात. दरवेळी दुसरी वाट समोर असते आणि माणूस ही निवडतो. तोतरेपणाला दुसरी वाट कुठली? ‘मान्य करणे’ तर त्याहून गैरलागू. मान्य करायला आधी कुणीतरी आरोप ठेवावा लागतो.

आणि ‘स्वीकार’! काय शब्द आहे. ‘स्व’ आणि ‘कार’ यांच्यामधला तो ‘ई’ आला कुठून? पाणिनीच्या ५.४.५० या सूत्रातला ‘च्वि’ प्रत्यय. गंमत अशी, की हा प्रत्यय लागतो आणि स्वतः पूर्ण पुसला जातो, मागे खूण एवढीच, की ‘अ’चा ‘ई’ झालेला. (‘सशक्तिकरण’ असं ऱ्हस्व लिहिणाऱ्या फलकांबद्दल पुन्हा कधीतरी.) अर्थ कात्यायनाने वार्तिकात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना जोडलेल्या पुरवणीत, नेमका बांधून दिला आहे: अभूततद्भाव. जे तसं नव्हतं ते तसं होणं. शुक्लीकरण म्हणजे पांढरं नव्हतं ते पांढरं करणं. मग स्वीकार म्हणजे काय? जे आपलं नव्हतं ते आपलं करणं. ‘घेणे’ नव्हे, ‘सहन करणे’ नव्हे. कोशात ‘स्वीकार : ग्रहण, घेणे’ एवढ्यावर बोळवण करणाऱ्यांनी हा ‘ई’ गिळला आहे. सत्कार, पुष्पगुच्छ आणि राजीनामे यांतच शब्द झिजवल्यावर दुसरं काय होणार! ‘अंगीकार’ही याच घडणीचा, आणि तो तर अभंगांत पदोपदी भेटतो. इंग्रजीवरून उचलल्याचा आरोप करणाऱ्या मित्राला तिकडे पाठवा.

मला पर्यायी शब्द इतके कसे सुचतात, असं लोक कौतुकाने विचारतात. भीतीने. मी ‘प’चा तोतरा. वाक्यात पुढे येणारा ‘प’ मला दोन शब्द आधीच दिसायचा. ‘पाणी द्या’ऐवजी ‘तहान लागली’. ‘पुस्तक’ऐवजी ‘ग्रंथ’, त्यामुळे दुसरीतल्या बालभारतीलाही मी गंभीरपणे ग्रंथ म्हणत असे. सगळे हसत, पण अडल्यावर हसत त्यापेक्षा हे हसू परवडायचं. पंचाईत एकच. नावाला समानार्थी शब्द नसतो, आणि माझं नाव ‘प’वरून. विशीत कुणी विचारलंच तर ‘हो, अडतं माझं’ एवढं पुटपुटायचो. ते मान्य करणंच होतं, मान खाली घालून केलेलं. लाज, चिडचिड, ‘उद्यापासून सावकाश बोलेन’चे संकल्प, सगळं तसंच चालू.

मग एकदा फोनवर नाव विचारलं. मी अडलो. पलीकडून ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’. अशा वेळी मी फोन ठेवून देत असे, रेंजवर खापर फोडून. त्या दिवशी म्हणालो, ‘तुटत नाहीये. मी तोतरा बोलतो, नाव पूर्ण होऊ द्या.’ ‘बरं, सांगा,’ एवढंच उत्तर आलं, आणि नाव सहा-सात ‘प’ खाऊन पूर्ण झालं. ‘मी’ आणि ‘तोतरा’ हे दोन शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच एका वाक्यात आले होते. च्वि प्रत्यय मी व्याकरणात शिकलो होतो, लागलेला त्या दिवशी पाहिला. अजूनही अडतो, रोज. ‘पुस्तक’ला मात्र पुस्तकच म्हणतो.

हां, प्रश्न राहिलाच. ‘स्वीकारलं’ बिनदिक्कत म्हणा. सुरुवातीलाच जोडाक्षर आहे, अडलात तर अडा.

‘पत्करणे’ला माझा एवढा विरोध त्यातल्या ‘प’मुळे आहे, असं घरचे म्हणतात. हा आरोप मी मान्य करतो.