बोटीवरचा टीव्ही आणि डिसेंबरचा हप्ता

फोंड्याच्या एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. वय ५९. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीतून ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून ७२ लाख आले. त्यातल्या १४ लाखांत त्यांनी २८ फुटांची, केबिन असलेली जुनी बोट घेतली. शनिवार-रविवारी ते आणि वहिनी ब्रिटोनाहून निघतात, दिवाडीच्या अलीकडे नांगर टाकतात आणि रात्र मांडवीतच काढतात. आता केबिनमध्ये टीव्ही हवा आहे. विक्रेत्याने दिलेला अंदाज असा: ३२ इंची स्मार्ट टीव्ही, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स आणि छतावर उपग्रहाच्या दिशेने आपोआप फिरणारी घुमटासारखी डिश, बसवून एकूण ३ लाख ४० हजार. दुसरा पर्याय २४ इंची साधा टीव्ही, १२ व्होल्टवर. प्रश्न असा: ‘कोणता घेऊ, आणि अठरा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? मुदत ठेव मोडायची नाही, कारण डिसेंबरमध्ये पॉलिसीचा दुसरा हप्ता ६ लाख भरायचा आहे.’

शेवटच्या वाक्याकडे नंतर येतो. आधी टीव्ही.

पत्रासोबत ग्राफ पेपरवर पेन्सिलने केलेला बॅटरीचा हिशेब आहे. तो बघून खरंच बरं वाटलं. १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, एंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी. ‘अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, म्हणून वापरायला १००च’ अशी टीप, तीही लाल शाईत. फ्रिज ३०, दिवे ४, बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप आणि नांगराचा दिवा मिळून २. ३२ इंची टीव्ही, डिश, बॉक्स आणि इन्व्हर्टरची घट धरून तासाला ९ अँपिअर, चार तासांचे ३६. एकूण ७२, त्यात सौर पॅनेलचे ३० वजा. म्हणजे रोज ४२ ची तूट आणि जेमतेम दोन रात्री. २४ इंचीला तासाला ३ अँपिअर, म्हणजे १२. तूट १८ वर येते, पाच रात्री निघतात. हिशेब चोख आहे. उत्तर तुमच्याच कागदावर आहे, २४ इंची घ्या. केबिनमध्ये तुम्ही पडद्यापासून चार-पाच फुटांवर बसणार, ३२ इंच करायचा काय?

घुमटाच्या डिशला मात्र माझा साफ नकार आहे. घरच्या गच्चीवरची डिश एकदा उपग्रहाकडे रोखली की काम झालं. नांगरावरची बोट भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवते, म्हणून फिरणारी डिश लागते, एवढं विक्रेत्याचं बरोबर आहे. पण तुम्हीच लिहिता की दिवाडीसमोर फोनला नेटवर्क पूर्ण असतं. मग साध्या टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावली की क्रिकेट फोनच्या हॉटस्पॉटवर येईल आणि वहिनींचे सिनेमे पेन ड्राइव्हवर. वर्षातले चाळीस शनिवार-रविवारसुद्धा धरवत नाहीत, कारण पावसाळ्यात बोट वर काढलेली असते. तेवढ्यासाठी तीन लाखांचा घुमट नको.

बसवण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. टीव्ही घेताना ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा. काही १२ व्होल्टचे असतात, काही १९ चे. १२ चा मिळाला तरी थेट बॅटरीला जोडू नका. एंजिन चालू असताना तारेत १४ च्या वर व्होल्ट येतात, पहाटे ते १२ च्या खाली उतरतात. मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी कन्व्हर्टर हवा आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. माझ्या एका मित्राने घरचा जुना टीव्ही साध्या वायरने बोटीत लावला होता. एका पावसाळ्यानंतर मागचं सॉकेट हिरवं झालं होतं आणि ब्रॅकेटचे स्क्रू हाताने सुटून आले. वॉरंटीचं नाव काढायची सोयच नव्हती. ब्रॅकेट पातळ प्लायला नुसते स्क्रू मारून टांगू नका, आरपार बोल्ट घाला आणि मागे पट्टी द्या. स्पीकरमध्ये चुंबक असतं, होकायंत्रापासून लांब ठेवा. टीव्ही, कन्व्हर्टर, ब्रॅकेट, वायर, मजुरी, सगळं वीस हजारांत बसवा आणि रोख द्या. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीची सवलत जाते, प्रोसेसिंग फी येते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. तीन लाख चाळीसच्या ईएमआयचे महिन्याला जवळजवळ १९ हजार होतात. पगार थांबलेल्या माणसाने करमणुकीसाठी हप्ता लावून घ्यायचा नसतो.

आता ते शेवटचं वाक्य.

तिसऱ्या पानावर, बोटीच्या रंगाचा खर्च आणि वहिनींच्या गुडघेदुखीच्या मध्ये तुम्ही लिहिलं आहे: निवृत्तीचे पैसे जमा झाल्यावर बँकेतला मुलगा घरी आला, डिसेंबर २०२४ मध्ये जीवन विम्याची पॉलिसी दिली. वर्षाला ६ लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षी ९५ लाख, हमी. ‘६० चे ९५, म्हणजे ५८ टक्के फायदा, आणि करमुक्त. तीन वर्षं भरून बंद केलं तरी सगळे पैसे परत, असं तो म्हणाला.’

मुलगा म्हणाला. पॉलिसीत काय लिहिलंय ते बघितलंत? तुमची सही असलेल्या लाभ-तक्त्यावर हप्ते भरायची मुदत छापलेली आहे, ती दहा वर्षं आहे. तीन वर्षांत सगळे परत, असं त्यात कुठेही सापडणार नाही. ५८ टक्के हा आकडा ऐकायला गोड आहे, पण तो पंधरा वर्षांचा आहे. हप्ते टप्प्याटप्प्याने जातात हे धरून वर्षाचा परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या आत बसतो. तुमच्या मुदत ठेवीला पावणेसात मिळतात.

करमुक्त तर नाहीच. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचे हप्ते वर्षाला ५ लाखांच्या वर गेले की मुदतीअंती मिळणारा नफा करपात्र होतो. मृत्यूनंतरची रक्कम तेवढी सुटते. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. म्हणजे ७३ व्या वर्षी ३५ लाखांचा नफा एकाच वर्षाच्या उत्पन्नात येऊन पडेल आणि आजच्या दरांनी नुसत्या त्यावरच साडेसहा लाखांच्या आसपास कर जाईल. उलट आज ठेवीच्या व्याजावर तुम्हाला कर नाही, कारण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सूट आहे. करमुक्त ठेवीतून पैसे काढून करपात्र पॉलिसीत घातले गेले, आणि तेही ‘कर वाचेल’ म्हणून. घरी येऊन चहा पिऊन जाणाऱ्यांना हा नियम माहीत नसतो असं मला वाटत नाही.

हे सगळं बाजूला ठेवू. मुळात हप्ते भरणार कशातून? तुमच्या बॅटरीच्या कागदाशेजारी हा कागद ठेवतो.

ठेवीत ५२ लाख उरले. त्यांचं व्याज वर्षाला साडेतीन लाख. वरच्या मजल्याचं भाडं १ लाख ८० हजार. भविष्य निर्वाह निधीबरोबरची ईपीएस पेन्शन ६० हजार. येणं ५ लाख ९० हजार. घरखर्च तुम्ही महिना ५५ हजार लिहिलाय, वर्षाचे ६ लाख ६०. बोटीची देखभाल, बांधणावळ, पावसाळ्यात वर काढणं, रंग आणि विमा मिळून १ लाख ४०. जाणं ८ लाख. म्हणजे पॉलिसीशिवायच २ लाख १० हजारांची तूट. ती ओढाताणीने का होईना, निभावता येते. त्यात ६ लाखांचा हप्ता घाला. तूट ८ लाखांवर जाते, मुद्दल खाल्लं जातं तसं व्याज घटतं आणि पुढच्या वर्षी तूट आणखी वाढते. महागाई अजिबात न धरता आणखी पाच हप्ते भरले की ठेवीत पाच-सहा लाख उरतील. सहावं वर्ष घरखर्चालाही पुरणार नाही, सातव्या हप्त्याचं नावच सोडा. तेव्हा तुम्ही ६५ च्या आसपास असाल, आणि दहातले सहाच हप्ते भरलेली पॉलिसी तुमच्या हातात असेल.

आणि विमा कोणासाठी? मुलगी पुण्यात कमावते. मागे वहिनींना लागेल ती ठेवीतली रक्कम. तीच तुम्ही हप्त्यात घालताय.

पुढच्या हंगामापासून पर्यटकांना बोट देऊन महिना ४० हजार येतील, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. त्या रकान्यात मी शून्य लिहिलं. पर्यटकांसाठी बोट चालवायची तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे राज्याच्या बंदर खात्याकडे, प्रवासी वापरासाठी नोंदणी आणि सर्वेक्षण, परवानाधारक खलाशी, १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंद आणि व्यावसायिक विमा हे सगळं लागतं. तुमचा विमा खासगी वापराचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. पैसे घेऊन चार माणसं बसवलीत आणि काही झालं तर तो कामाचा नाही. शिवाय ज्या शनिवारी गिऱ्हाईक, त्या शनिवारी तुम्ही घरी. मग बोट घेतली कशाला?

आता काय करायचं. पॉलिसी नाकारायची तीस दिवसांची मुदत कधीच गेली. डिसेंबरचा हप्ता भरू नका. त्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, बँकेत जाऊन खात्यावरची हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना लेखी रद्द करा आणि पोच घ्या, नाहीतर आपण इथे बोलत असताना ६ लाख वजा झालेले असतील. हप्त्याच्या तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, त्यामुळे फोन सुरू होतील. तोच मुलगा येईल, ‘फक्त अजून दोन वर्षं’ म्हणेल. चहा द्या, चेक देऊ नका.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे तुमच्या पॉलिसीला एक वर्ष पूर्ण झालं आणि पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला की विशेष समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर हातात येणारी रक्कम, मिळायला हवं. आधी एकाच वर्षाचा हप्ता भरून सोडलं तर हातात काही येत नसे. वर्षपूर्तीनंतर कंपनीच्या शाखेला लेखी विचारा: आज सोडली तर किती, आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर पंधराव्या वर्षी किती. दोन्ही आकडे कागदावर मागा, तोंडी नको. सहा लाख पूर्ण परत येणार नाहीत, मोठा तुकडा पडेल. पण पहिले ६ लाख अख्खे बुडाले असं धरलं आणि उरलेले नऊ हप्ते, समजा ते तुमच्याकडे होते, ७ टक्क्यांनी ठेवले, तरी पंधराव्या वर्षी १ कोटी ८ लाख होतात. कंपनी ९५ देणार, तेही कर कापायच्या आधी.

‘तीन वर्षांत सगळे परत’ असं सांगून विकली, याची तक्रार जरूर करा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. त्या मुलाने पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज असतील तर पुसू नका. नसतील तर तुमच्या सहीसमोर तुमचा शब्द फार टिकेल अशी आशा धरू नका.

तुमच्या चार पानांत वहिनींचा गुडघा आहे, आरोग्य विमा नाही. कंपनीचं सामूहिक कवच नोकरीबरोबर संपलं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आधार आहे, ते नूतनीकरण केलंय का बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. दोघांची दहा लाखांची आरोग्य पॉलिसी आत्ताच घ्या, आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि गुडघ्याचं खरं खरं लिहा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. हा खर्च वरच्या कागदात आणखी वाढेल हे मला माहीत आहे. तो धरूनही सहा लाखांच्या त्या पॉलिसीशिवायचं गणित बसवता येतं.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये साठ पूर्ण झाले की ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या दर ८.२ टक्के आहे, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत तुम्हाला ५८ व्या वर्षीही ती उघडता आली असती. नेमक्या त्याच महिन्यांत तुम्ही बोट बघत होतात. असो. त्यासाठी ठेवी आतापासूनच ऑक्टोबरला मुदत संपेल अशा लावा, म्हणजे मोडाव्या लागणार नाहीत. तुटीतले वर्षाचे त्रेचाळीस हजार तेवढ्यानेच कमी होतील.

बोट विका असं मी म्हणत नाही. चौदा लाख गेले, आता विकायला काढली तर दहाही येतील की नाही शंका आहे, आणि वहिनींना दिवाडीसमोरची पहाट आवडते असं तुम्ही लिहिलं आहे. फक्त एक लाख चाळीसच्या वर जाऊ देऊ नका.

कंपनीचे दोन आकडे आले की पाठवा. ग्राफ पेपरवर, लाल टीपेसह.