आधी कार्ड फेडू की गटाची फी भरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुपदेशकांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीच्या, म्हणजे डीबीटीच्या, कौशल्य-गटात जायला सुचवलंय. तीव्र भावना आणि ऊर्मी सांभाळायला शिकवणारी ही मानसोपचाराची पद्धत. 24 आठवडे, आठवड्याला एक सत्र, फी एकरकमी. दादा म्हणतात, आधी क्रेडिट कार्ड फेड. थकबाकी फीच्या जवळजवळ दुप्पट आहे. दरमहाची गुंतवणूक चालू आहे आणि ती थांबवायची तुमची तयारी नाही.

दादांचं गणित बरोबर आहे. कार्डाच्या व्याजावर मात करेल असा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक मला तरी माहीत नाही. पण तुम्ही पाठवलेली वर्षभराची स्टेटमेंटं मी ओळ न ओळ वाचली. घरी भांडण झालं त्या तारखांभोवती तुम्ही पेनाने गोल केलेत. अशा एका गोलाखाली एकाच दिवसाच्या चार ऑर्डरी आहेत, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोन परत केल्याच्या नोंदी. वर्षात दोनदा तुम्ही कार्ड पूर्ण कोरं केलंत, दोन्ही वेळा ते पुन्हा भरलं. गळक्या घागरीत पाणी ओतत राहायचं का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून मी म्हणेन, गटात जा. कार्डासाठीसुद्धा जा.

पैसे उभे करायचे ते गुंतवणुकीतून. इतकं महागडं कर्ज डोक्यावर असताना दरमहा गुंतवणूक करणं म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकणं, आणि वाटेत व्याज सांडणं. सहा महिने ती थांबवा, आधीची मोडू नका. त्या रकमेतून फी आणि कार्डाचा हप्ता दोन्ही भागवा. थकबाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळते का ते बँकेला विचारा आणि कार्डाची मर्यादा उतरवून घ्या. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशाला मात्र हात लावू नका. फीसुद्धा कार्डावर नको.

फी भरण्याआधी चौकशी करा. सजगता, असह्य ताण निभावणं, भावनांचं नियमन आणि नात्यांत आपलं म्हणणं नीट मांडणं, हे चारही भाग 24 आठवड्यांत होतात ना? बऱ्याच ठिकाणी तोच क्रम पुन्हा करून वर्ष पूर्ण करतात. तसं असेल तर दुसऱ्या फेरीची तजवीज आजच करा. डीबीटीच्या मूळ पद्धतीत सलग चार सत्रं चुकली की माणूस कार्यक्रमाबाहेर जातो. तुमच्याकडे तो नियम असेल तर उरलेल्या फीचं काय, हे लेखी घ्या. महिन्याच्या महिन्याला फी भरता आली तर उत्तमच. सत्र साधारण दोन-अडीच तासांचं असतं, वर गृहपाठ. तेवढी संध्याकाळ खरंच मोकळी मिळेल का तेही पाहा.

एका बाबतीत मी काटकसर सांगणार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ही उपचारपद्धती उभी केली ती आत्महत्येच्या विचारांशी झगडणाऱ्यांसाठी, आणि पूर्ण उपचारात गटासोबत वैयक्तिक सत्रंही असतात. तुम्हाला स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर ते आजच समुपदेशकांना सांगा आणि वैयक्तिक सत्रांचा खर्चही धरा. गुंतवणूक आणखी सहा महिने थांबली तरी चालेल. विमा यातलं काही देतो का, तेही कंपनीला लेखी विचारा.

गटात डायरी कार्ड देतात. त्यात रोजच्या भावना आणि ऊर्मी आकड्यांत नोंदवायच्या असतात. 'खरेदीची ऊर्मी' असा एक रकाना त्यात घालायची परवानगी मागा. तीन महिन्यांनी ते कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा, पूर्वीसारखे पेनाने गोल करा, आणि दोन्ही मला पाठवा. दुसऱ्या फेरीचं तेव्हा ठरवू.