वाचक विचारतात: आग्र्याचा इतिमाद-उद-दौला आणि इस्फहानचा

प्रश्न: मागच्या महिन्यात आग्र्याला इतिमाद-उद-दौलाची कबर बघितली. परत आल्यावर इराणच्या इतिहासाचं काहीतरी वाचत होतो, तर तिथे पण "इतिमाद-उद-दौला सारू तकी" असा शाहचा मुख्य वजीर सापडला. हा तोच माणूस का?

उत्तर: नाही हो, दोघं वेगळे. इतिमाद-उद-दौला हे नाव नाही, किताब आहे, अर्थ साधारण "राज्याचा भरवसा". आग्र्याचा तो नूरजहाँचा बाप, मिर्झा गियास बेग, १६२२ मध्ये वारला. तो पण मूळचा इराणीच, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण इराणच्या सफवी घराण्याच्या दरबारात हा किताब मुख्य वजिराला चिकटलेलाच असायचा, म्हणजे माणूस बदलला तरी किताब तोच. त्यामुळे तिकडचे इतिमाद-उद-दौला मोजायला बसलात तर बरेच निघतील. तुम्ही वाचलेला मिर्झा मोहम्मद तकी १६३४ मध्ये वजीर झाला आणि १६४५ पर्यंत होता. "सारू" हे तुर्की टोपणनाव, म्हणजे पिवळा, भुऱ्या केसांचा. आपल्याकडे नाही का घारे, गोरे, काळे असतात, तसंच.

प्रश्न: सारू तकी खोजा होता असं ऐकलंय. खोजा माणूस जनानखान्यावर देखरेख करेल, पण थेट मुख्य वजीर?

उत्तर: तो जन्मापासून किंवा लहानपणापासून खोजा नव्हता, इथेच तर गंमत आहे. गंमत म्हणायचं तरी कसं, कहाणी भयंकर आहे. तबरेजचा माणूस, लेखणीवर पोट भरणारा, कॉकेशसमधल्या काराबागच्या सुभेदाराचा वजीर म्हणून वर आला. तेव्हा त्याच्यावर बदफैलीचा आरोप झाला आणि पहिल्या शाह अब्बासने शिक्षा म्हणून त्याला खच्ची करायला लावलं. आरोप खरा की रचलेला, यावर तेव्हाच्या लोकांत पण एकमत नव्हतं. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता, पण हा माणूस बरा झाला आणि परत कामाला लागला आणि ज्या शाहने ही शिक्षा दिली त्याच शाहने त्याला माझंदरानचा वजीर केलं, पुढे गिलानही दिलं.

माझंदरान म्हणजे कास्पियनच्या काठचा प्रदेश, पाऊस, चिखल, जंगल. शाह अब्बासची आई तिथली, त्यामुळे त्याचा फार जीव होता तिथे. फराहाबाद आणि अशरफ इथे महाल-बागा उठत होत्या, दलदलीतून दगडी रस्ता काढायचा होता, आणि हे सगळं रेटून नेण्यात सारू तकी पुढे होता. मजूर, दगड, पैसा, हिशोब, सगळं त्याच्या डोक्यात. पुढे अब्बासचा नातू शाह सफी गादीवर आला, त्याच्या काळात इराकमधल्या नजफच्या दर्ग्याच्या दुरुस्तीचं कामही त्याच्याकडेच आलं. मला विचाराल तर त्याची वजिरी त्या चिखलातच पक्की झाली, कारण एवढं काम वेळेत उरकून हिशोब देणारी माणसं कुठल्याही दरबारात कमीच.

आता खोजा असण्याचा मुद्दा. १६४२ मध्ये शाह सफी मेला आणि गादीवर आला दुसरा अब्बास, जेमतेम ९ वर्षांचा पोरगा. म्हणजे खरा कारभार राजमाता अन्ना खानमच्या हातात. आता बाकीच्या सरदारांना जनानखान्याचा उंबरा ओलांडता येत नाही, सगळा निरोपानिरोपीचा खेळ, आणि सारू तकी मात्र सरळ आत जाऊन राजमातेशी समोरासमोर बोलून बाहेर येतो. ज्या शिक्षेने त्याला संपवायचं होतं तिनेच त्याच्यासाठी ते दार उघडलं. बाहेर ताटकळणाऱ्या सरदारांची काय जळफळाट होत असेल बघा.

प्रश्न: वजीर म्हणजे नक्की करायचा काय? आणि तो एवढा नावडता का होता?

उत्तर: मुख्य म्हणजे पैसा आणि शिक्का. नेमणुकीचा, जमिनीचा, पगाराचा कुठलाही मोठा कागद त्याच्या दफ्तरातून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. पगारापेक्षा अशा कागदांवरचा रसूम, म्हणजे फी, आणि नजराणे हीच कमाई मोठी. हिशोब तोमानात चालायचा, आणि तोमान नावाचं नाणं हातात कधी यायचंच नाही, ते फक्त वहीत. हातात यायची चांदीची अब्बासी, ५० अब्बासींचा एक तोमान.

नावडता का, तर त्यासाठी मुलूख खालसा करणे हे प्रकरण समजून घ्यायला लागेल (शब्द आपल्या ओळखीचाच आहे). इराणात प्रांत दोन तऱ्हेचे. एकात किझिलबाश, म्हणजे सफवींच्या जुन्या तुर्की लढाऊ टोळ्यांपैकी, एखादा सरदार सुभेदार असायचा, तो तिथला महसूल खायचा आणि त्यावर स्वतःची फौज पोसायचा, शाहला नजराणे पाठवले की झालं. दुसऱ्या तऱ्हेचे प्रांत थेट शाहच्या खात्यात, तिथे सुभेदार नाही, वजीर बसवायचा आणि पैसा खजिन्यात. १६३२ मध्ये फार्सचा जबरदस्त सुभेदार इमाम कुली खान पोरांसकट मारला गेला आणि फार्स खालसा झाला. सारू तकीने वजीर झाल्यावर हीच लाईन पकडली, जुने हिशोब उकरायचे, थकबाकी काढायची, सुभेदाराला राजधानीत, इस्फहानला बोलवायचं.

या ऑडिटचा एक झटका हिंदुस्थानापर्यंत आला. कंदाहारचा सुभेदार अली मर्दान खान, त्याला हिशोब द्यायला दरबारात बोलावणं आलं. शाह सफीच्या दरबारात गेलेले मोठे लोक धडावर डोकं घेऊन परत येतीलच याची काही गॅरंटी नव्हती, सारू तकीच्या आधीचा वजीर तालिब खान पण शाहच्या हुकमानेच मारला गेला होता. अली मर्दानने विचार केला आणि १६३८ मध्ये अख्खं कंदाहार शाहजहानच्या हवाली करून मोकळा झाला, पुढे मुघलांकडे काश्मीर-लाहोरची सुभेदारी केली. इराणला कंदाहार परत घ्यायला १६४९ उजाडलं. खजिन्यात चार पैसे जास्त आणायच्या नादात सरहद्दीचा किल्ला गेला, हे सारू तकीचं कौतुक करणाऱ्यांनी पण लक्षात ठेवायला पाहिजे.

प्रश्न: त्याचा शेवट कसा झाला?

उत्तर: ११ ऑक्टोबर १६४५ ला इस्फहानमध्ये, त्याच्या स्वतःच्या घरात खून. पुढारी होता जानी खान शामलू, किझिलबाश घोडदळाचा म्हणजे कुर्चींचा सरदार, सोबत आणखी काही बडे लोक. वजीर तेव्हा पासष्टी ओलांडलेला म्हातारा. मंडळी तिथून शाहकडे गेली. शाह १३ वर्षांचा, समोर हत्यारबंद माणसं, तो काय बोलणार? वीसेक वर्षांनी इस्फहानला आलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ ही हकीकत सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात खरी चिडली ती राजमाता. आठवडाही उलटला नाही तोवर जानी खान आणि त्याचे साथीदार कापले गेले.

मला इथे १५८३ आठवतं. तेव्हा हेरातजवळ किझिलबाश सरदारांनी असाच एक वजीर मारला होता, मिर्झा सलमान जाबेरी, तो पण लेखणीवालाच आणि शाहजाद्याचा सासरा, तरी कोणाला काही झालं नाही, शाह गप्प बसला. तीच माणसं, तोच राग, तोच प्रकार, पण ६२ वर्षांनी मात्र मारणाऱ्यांचीच डोकी गेली. मधल्या काळात पहिल्या अब्बासने कॉकेशसमधून आणलेले गुलाम सरदार उभे केले होते, त्यांचा पगार शाहच्या खजिन्यातून, त्यामुळे गादीला किझिलबाशांच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नव्हती. आणि तो खजिना भरत कोण होतं, तर सारू तकी. त्याचा जीव त्या पैशाने वाचला नाही, सूड मात्र उगवला.

प्रश्न: मग त्याच्या जागी कोण आलं?

उत्तर: खलीफा सुलतान. हा पहिल्या शाह अब्बासचा जावई, पूर्वी पण वजीर होता. १६३२ मध्ये शाह सफीने त्याला काढून कोमला पाठवलं आणि त्याच्या मुलांचे डोळे फोडले, कारण ती मुलं अब्बासची नातवंडं, उद्या गादीवर हक्क सांगतील ही भीती. १६४५ मध्ये त्याच सफीच्या मुलाने त्याला परत बोलावलं. तो आला, आणि १६५४ मध्ये मरेपर्यंत वजिरी केली.