झऱ्याचं पाणी रेशमासारखं दिसण्यासाठी एनडी फिल्टर किती स्टॉपचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की एनडी१००० (एनडी फिल्टर म्हणजे लेन्सवर चढवायची, उजेड कमी करणारी गडद काच) घेतला, झऱ्यापाशी ट्रायपॉड लावून ३० सेकंदांचं एक्सपोजर दिलं आणि पाण्याचं रेशीम व्हायच्या ऐवजी कापूस झाला. वर फोटो जरा धूसर, रंगही पिवळट. फिल्टर खराब निघाला का आणि आता दुसरा कितीचा घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

फिल्टर बहुधा चांगलाच असेल, पण झऱ्यासाठी तो फार गडद आहे. ही चूक मीही केली होती. पहिला फिल्टर घेताना वाटलं, सगळ्यात गडद तोच सगळ्यात भारी. नंतर कळलं की आधी पाण्याला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं आणि फिल्टर त्यावरून निवडायचा.

साधा विचार करा. पाणी सेकंदाला एक मीटर वाहतंय असं धरू. पाव सेकंदात ते २५ सेंटिमीटर सरकतं. म्हणजे प्रत्येक थेंबाची, प्रत्येक चमकत्या लाटेची वीतभर रेघ उमटते. अशा शेकडो रेघा शेजारी शेजारी आल्या की डोळ्याला धागे दिसतात, आणि पाणी कुठून कुठे चाललंय तेही कळतं. तेच पाणी ३० सेकंदांत ३० मीटर पुढे गेलेलं असतं. फोटोतल्या प्रत्येक जागेवरून उजेड, सावली, फेस सगळं इतक्यांदा जाऊन येतं की शेवटी उरते ती नुसती सरासरी, सपाट पांढरी. तुमचा कापूस तो हाच.

म्हणून झरा, ओढा, छोटा धबधबा यांसाठी मी पाव सेकंदापासून सुरुवात करतो आणि क्वचितच दोन सेकंदांच्या पुढे जातो. पाणी जोरात कोसळत असेल तर १/८ सेकंदही पुरतो. संथ वाहत असेल तर एक-दीड सेकंद लागतो. तुम्ही किती जवळ आहात, लेन्स किती लांबची आहे, पाणी फ्रेममध्ये आडवं वाहतंय की तुमच्याकडे येतंय, यावरही हे बदलतं. आडवं पाणी लवकर पुसट होतं. त्यामुळे एकाच जागी १/४, १/२, १ आणि २ सेकंद असे चार फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहा. तुमची आवड कुठे आहे ते एका दिवसात कळेल. मला स्वतःला थोडा पोत शिल्लक राहिलेलं पाणी आवडतं. पाण्याचं दूध झालं की मला कंटाळा येतो.

आता फिल्टरचं गणित. दर स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे वेळ दुप्पट. फिल्टरविना १/६० सेकंद येत असेल तर ६ स्टॉपचा फिल्टर लावून बोटांवर मोजा: १/३०, १/१५, १/८, १/४, १/२, १ सेकंद. झालं. १० स्टॉपचा लावला की हाच वेळ १७ सेकंदांच्या आसपास जातो, तिथे झऱ्याचा खेळ संपतो. खोक्यावरचे आकडे मात्र गोंधळात टाकतात. एनडी८, ०.९ आणि ३ स्टॉप हे तिन्ही एकच. एनडी६४ म्हणजे १.८, म्हणजे ६ स्टॉप. तुमचा एनडी१००० म्हणजे ३.०, म्हणजे १० स्टॉप. त्या '३.०'ला तीन स्टॉप समजून घेतलात तर पस्तावाल.

तेव्हा माझं उत्तर ६ स्टॉप. भर उन्हात आयएसओ १०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) वर साधारण १/१२५ सेकंद येतो. ६ स्टॉपने त्याचा अर्धा सेकंद होतो. ढगाळ हवेत एफ/८ वरच एक सेकंदाच्या जवळ पोचता. (उन्हात फोटो काढू नकाच, ही वेगळी गोष्ट. पाण्यावर ऊन-सावलीचे ठिपके पडले की कुठलाही फिल्टर ते वाचवू शकत नाही.) दाट झाडीखाली, सकाळी लवकर किंवा ढग असताना तर ३ स्टॉपचाही पुरतो.

खरं सांगायचं तर, झऱ्यासाठी एकच फिल्टर न्यायचा असेल तर मी एनडीच्या आधी पोलरायझर, म्हणजे चकाकी रोखणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर उचलेन. तो स्वतःच एक ते दोन स्टॉप उजेड खातो, आणि वर ओल्या खडकांवरची, पानांवरची पांढरी चकाकी काढून टाकतो. हे काम एनडीला कधीच जमणार नाही, कारण एनडी सगळाच उजेड सारखा कमी करतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेने पाहिलं तर पोलरायझरचा परिणाम सर्वात जास्त दिसतो. तो पूर्ण फिरवू नका मात्र. पाण्यावरची सगळी चमक गेली की पाणी मेल्यासारखं दिसतं.

धूसरपणाबद्दल. तुमचा फोटो न पाहता सांगतोय, पण माझा पहिला संशय फोकसवर. १० स्टॉपच्या फिल्टरमधून कॅमेऱ्याला बहुतेकदा नीट दिसत नाही. शटर अर्धं दाबलं की तो चाचपडत बसतो आणि कुठेतरी भलतीकडे थांबतो. फिल्टर लावायच्या आधी फ्रेम ठरवा, फोकस करा, लगेच मॅन्युअलवर टाका आणि मगच फिल्टर चढवा. मी एकदा हे मॅन्युअलवर टाकायचंच विसरलो आणि सबंध सकाळचे फोटो फुकट गेले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते!

दुसरा संशय एफ/२२ वर. वेळ वाढवायला ॲपर्चर तितकं बारीक केलं असेल तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ होतं; एफ/११ च्या फार पुढे जाऊ नका. तिसरा, ट्रायपॉडचा पाय वाहत्या पाण्यात असला तर तो थरथरतो. पाय दगडावर टेकवा, मधला दांडा वर काढू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं. कॅमेरा आरशाचा (डीएसएलआर) असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाका. लांब एक्सपोजरमध्ये तिथून उजेड आत शिरतो आणि फोटोवर फिकट डाग किंवा पट्टा येतो. आणि फिल्टरची काच दर फोटोआधी तपासा. तुषारांचा एक थेंबही धुक्याचा ठिपका बनून बसतो.

पिवळटपणाचं फारसं मनावर घेऊ नका. गडद फिल्टर रंगाला थोडी झाक देतातच, कुणी तांबूस, कुणी निळसर. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा, प्रक्रिया न केलेला डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढा, फिल्टर लावलेला असतानाच एक फोटो राखाडी कार्डाचा घ्या आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून बसवा. पण पांढऱ्या फेसातला तपशील एकदा उडाला की रॉमध्येही परत येत नाही. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड कुठे किती ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

पाणी छान आलं पण काठावरची पानं वाऱ्याने पुसट झाली, असंही होईल. त्याच फ्रेमचा एक फोटो फिल्टर काढून, आयएसओ वाढवून, वेगवान शटरवर घ्या आणि पानं तिथून उचला.

फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक बसवलेले दोन पोलरायझर. सोयीचा आहे, पण वाइड लेन्सवर शेवटच्या टोकाला नेला की आकाशात काळी फुली उमटते. फिल्टर विकत घ्यायचाच नसेल तर १/८ सेकंदाचे १६ फोटो लागोपाठ काढून सॉफ्टवेअरमध्ये त्यांची सरासरी काढा, दोन सेकंदांच्या जवळ जाणारा परिणाम मिळतो. ऑलिंपसने २०१९मध्ये ओएम-डी ई-एम१एक्स कॅमेऱ्यात 'लाइव्ह एनडी' म्हणून याच तऱ्हेची सोय दिली.

तुमचा एनडी१००० विकू मात्र नका. समुद्राच्या लाटांचं धुकं करायला, तळ्यावरच्या तरंगांचा आरसा करायला, ढग ताणायला तोच हवा. ३० सेकंदांच्या पुढे जायचं तर बल्ब मोड (शटर हवा तितका वेळ उघडं ठेवायची सोय) आणि रिमोट लागेल. फक्त त्यातून डोळ्याने सूर्याकडे बघू नका, तो त्यासाठी सुरक्षित नाही. आणि लेन्सवर चढवताना आवळून बसवू नका. अडकलाच, तर कडेभोवती रुंद रबरबँड लावून हलक्या हाताने फिरवा. जोरात दाबलं तर कडा वाकडी होते आणि आणखी घट्ट बसते.