एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आमच्या गटाला काम सुरू करायचं आहे. घरोघरी भेटी आणि शिधावाटपापासून सुरुवात करावी का?

नको. तिथून तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की दहाबारा मित्रमैत्रिणी आहात, मनापासून काहीतरी करायचंय, कुणीतरी गाडी देतंय आणि तिच्यावर लाल फीत, म्हणजे एड्सची ती ओळखखूण, रंगवून घेणार आहात. त्या गाडीचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडत नाही, नवरा आणि मुलगी दोघंही निगेटिव्ह. घरात सासूबाईंसकट सगळ्यांना माहीत आहे, शेजारी कुणालाही नाही. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे आम्ही घरात बसून ठरवलेलं आहे.

निदान झाल्यावर मी एका संस्थेत नाव नोंदवलं होतं. फॉर्मवर ‘संपर्क फक्त फोनवर’ असं लिहून दिलं होतं. एकदा मुलगी तापाने फणफणली होती आणि माझी गोळ्या आणायला जायची तारीख चुकली. घरात शिल्लक गोळ्या होत्या, डोस एकही चुकला नव्हता, पण यादीत माझं नाव ‘न आलेल्यां’त गेलं. फोन न करता संस्थेची जीप थेट आमच्या दारात. दारावर संस्थेचं नाव, बाजूला हातभर लाल फीत. आतून दोन मुलं उतरली, अंगात तसलीच जाकिटं. घर सापडेना म्हणून त्यांनी शेजारच्या ताईंना माझं पूर्ण नाव घेऊन पत्ता विचारला. ताई स्वभावाने मदतीला तत्पर, त्या त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या आणि तिथेच थांबल्या.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी जाकीट पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “विम्याचे ना? हप्ता भरलाय आम्ही.” त्यातला एक भोळा म्हणतो, “विमा नाही आजी, वहिनींच्या गोळ्यांचं...” दार बंद.

संध्याकाळी ताईंनी विचारलंच, कसल्या गोळ्या? सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “बीपीच्या. हल्ली विमावाले बीपीचंसुद्धा विचारतात.” त्यानंतर कितीतरी महिने ताई मला मीठ कमी करायला सांगत होत्या. आज हसू येतं. तेव्हा रात्र रात्र झोप लागत नव्हती, जीपवरचं नाव ताईंनी वाचलं असेल का, एवढंच डोक्यात. सासूबाईंइतकी हजरजबाबी बाई प्रत्येक घरात नसते. त्याच संस्थेच्या यादीतल्या एका बाईंना अशाच भेटीनंतर भाड्याची खोली सोडावी लागली होती.

मी तडक संस्थेच्या समन्वयकांकडे गेले. सर माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांनी माफी मागायच्या ऐवजी भाषण दिलं. “तुम्ही लपवता म्हणून लोक घाबरतात. आम्ही उघडपणे येतो म्हणजे त्यात लाज नाही हे दिसतं. दक्षिण आफ्रिकेत बघा, लोक छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेले टी-शर्ट घालून रस्त्यावर उतरले, म्हणून तिथे औषधं मिळाली.” वर मला पुढच्या कार्यक्रमात मंचावर बोलायचं आमंत्रणही दिलं.

ते उदाहरण मी नंतर मुळापासून वाचलं. सरांनी अर्धंच सांगितलं होतं. डर्बनजवळच्या क्वामाशूमध्ये गुगु डलामिनी नावाची कार्यकर्ती होती. 1998 च्या जागतिक एड्स दिनी, 1 डिसेंबरला, तिने आपण पॉझिटिव्ह असल्याचं जाहीर सांगितलं आणि त्याच महिन्यात जमावाच्या मारहाणीत तिचा जीव गेला. तो टी-शर्ट आला तो तिच्या मृत्यूनंतर, त्याच डिसेंबरात सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन’ या औषधांसाठीच्या चळवळीचा. आणि खरी गंमत अशी की तो पॉझिटिव्ह लोकांबरोबर निगेटिव्ह लोकही घालत. कोण कोण आहे हे बघणाऱ्याला कळूच नये. 2002 साली नेल्सन मंडेलांनीसुद्धा तो घातला. म्हणजे उघडेपणाचा धोका आधी त्यांनी उचलला ज्यांना तो परवडत होता. सरांच्या जीपमधल्या कुणी तसला टी-शर्ट घातला होता का? त्यांच्या जाकिटावर ‘मी मदत करतो’ असं होतं आणि माझ्या दारावर ‘हिला मदत लागते’ असं. धाडस त्यांचं, घर माझं.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता. आता तुम्हीही हेच म्हणणार असाल तर पुढचं वाचू नका.

वाचणार असाल तर एक जुनी गोष्ट. 1983 साली, विषाणूला एचआयव्ही हे नावसुद्धा मिळालेलं नव्हतं तेव्हा, अमेरिकेत डेन्व्हरला आजारी लोकच एकत्र बसले आणि त्यांनी काही तत्त्वं लिहून काढली. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका. निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या, संस्थांच्या संचालक मंडळावरसुद्धा. आमचा खाजगीपणा आणि वैद्यकीय नोंदींची गुप्तता पाळा. 1994 मध्ये पॅरिसला 42 देशांनी जवळपास हेच तत्त्व मान्य केलं. नुसतं मंचावर बसवा असं कुठे नाही, डेन्व्हरच्या तत्त्वांत मंडळावर बसवा असं आहे. तुमच्या दहाबारा जणांत पॉझिटिव्ह कुणी आहे का? प्रश्नात उल्लेख नाही, म्हणून विचारते. नसेल तर गाडी रंगवायच्या आधी ते बघा.

जिथे काम झालं तिथे ते असंच झालं. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत 1992 पासून डॉ. स्मरजित जाना यांनी कंडोमचा प्रचार करायला बाहेरून माणसं आणून बसवली नाहीत, तिथल्याच बायकांना ते काम दिलं. कारण अडचण माहितीची नव्हतीच. एका बाईने कंडोमचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जायचं. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं तरच तो आग्रह टिकतो, आणि सगळ्यांना एकत्र आणणं हे आतल्याच माणसाचं काम. युगांडात 1987 साली नोएरीन कालीबांनी ‘टासो’ ही मदतसंस्था सुरू केली तीही नवरा एड्सने गेल्यावर, स्वतःसारख्याच लोकांना जमवून.

मी आता उपचार केंद्रात नव्याने निदान झालेल्यांशी बोलते. समुपदेशक असतातच, पण त्यांच्यासमोर लांब रांग असते. शिवाय काही गोष्टी आमच्यातच कळतात. पिशवीत डबी खुळखुळते आणि बसमध्ये जीव वरखाली होतो, म्हणून बायका डबीत कापूस कोंबतात. लेबल नखाने सोलून काढतात. मी सांगते, लेबल खुशाल सोला, पण गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका आणि ओलावा शोषणारी ती छोटी पुडी फेकू नका. फोन नंबर घेताना पहिला प्रश्न हा, की फोन दुसऱ्याने उचलला तर मी कोण म्हणून सांगू? कुणी म्हणतं शिवणक्लासची बाई, कुणी म्हणतं मुलाच्या शाळेतली. ते मी वहीत लिहून ठेवते, आजार मात्र लिहीत नाही. तुमच्याकडे यादी असलीच तर तीसुद्धा अशीच हवी, आणि ती गटाच्या व्हॉट्सअॅपवर फिरता कामा नये.

तुम्ही निगेटिव्ह लोक काय करू शकता? पुष्कळ. आधी स्वतः सगळे जाऊन तपासणी करून घ्या, म्हणजे त्या बाकावर बसून काय वाटतं ते कळेल. तुमच्या ओळखीच्या घरमालकांशी, मुख्याध्यापकांशी, दवाखानेवाल्यांशी बोला, कुणाचंही नाव न घेता. तिथे आमच्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात, हे चीड आणणारं असलं तरी खरं आहे. नियमित उपचार चालू असून व्हायरल लोड सापडत नसेल तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे शिकलेल्यांनाही माहीत नसतं. ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासांचे निकाल 2016 आणि 2019 साली आले. कंडोमशिवाय संबंध ठेवणाऱ्या शेकडो जोडप्यांत, उपचाराने लोड दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेले संसर्ग शून्य. सांगाडे आणि कवट्यांची पोस्टर लावण्यापेक्षा हे एक वाक्य लावा. भीतीने माणूस तपासणीला येत नाही, उलट पळतो. संबंधातून किंवा सुईतून धोका झाल्याची शंका असेल तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, 28 दिवसांचा प्रतिबंधक औषधांचा कोर्स सुरू करता येतो, हेही लावा.

आता थोडं मागे घेते. घरभेटी सरसकट वाईट नाहीत. अंथरुणाला खिळलेला माणूस, गोळ्या सोडून बसलेला माणूस, यांच्याकडे कुणीतरी गेलंच पाहिजे, आणि गेलेल्यांनी जीव वाचवलेले मी पाहिलेत. पण आधी विचारून, साध्या कपड्यात, एकट्याने, आणि शेजाऱ्याला पत्ता न विचारता. उघडपणे बोलणाऱ्यांबद्दलही मला आदरच आहे, त्यांच्यामुळे मला औषध मिळतंय. त्यांनी ते स्वतः ठरवलं एवढंच. आणि डबीचं मी वर जे सांगितलं ते माझ्या गोळ्यांचं, तुमच्या ओळखीच्या कुणाच्या वेगळ्या असतील तर केंद्रात विचारू द्या.

शिध्याचं म्हणाल तर द्या, गरज असतेच, औषध रिकाम्या पोटी किती दिवस घेणार. फक्त एचआयव्हीची म्हणून वेगळी यादी करू नका. विधवा, आजारी, हातावर पोट असलेले, अशा सगळ्यांच्या वाटपात आमचीही घरं येऊ देत, ती कोणती हे वाटणाऱ्यालाही कळायची गरज नाही. आणि गाडी पांढरीच ठेवा.