बुडबुडे येतात, पण ऑक्सिजन येतो का?

मे-जून आला की ग्वाल्हेरात घरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबद्दल, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या मशीनबद्दल, विचारणा वाढते. ऊन, धूळ आणि ये-जा करणारी वीज, तिन्हींचा मार या एकाच मशीनवर बसतो. आलेल्यांपैकी काही प्रश्न घेतो.

प्रश्न : आईला मिनिटाला दोन लिटरवर ऑक्सिजन चालू आहे. नळी पाण्याच्या ग्लासात धरली की भरपूर बुडबुडे येतात, मशीनवर लाल-पिवळा दिवाही नाही. तरी ऑक्सिमीटर ८५-८६ दाखवतो. मशीन ठीक समजावं का? (एक मुलगी, लश्कर)

नाही, ताई. पण मशीनचं मागाहून बघू. घरात सिलिंडर असेल तर आधी आईंना त्यावर घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. फ्लोमीटरची (किती लिटर वाहतंय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी आपल्या मनाने वर चढवू नका. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) बऱ्याच रुग्णांना डॉक्टर ८८ ते ९२च्या दरम्यानच ठेवतात. त्यांना जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो.

बुडबुड्यांवरून एवढंच कळतं की नळीतून काहीतरी वाहतंय. साधी हवा वाहिली तरी तितकेच बुडबुडे येतील. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि २१ टक्के ऑक्सिजन. मशीनमधला कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांत आळीपाळीने सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की अडवलेला नायट्रोजन बाहेर पडतो; दर काही सेकंदांनी येणारा 'फुस्स' आवाज त्याचाच. दाणे निकामी झाले, की प्रवाह तसाच राहतो आणि आत ऑक्सिजन घटत जातो.

म्हणून शुद्धता, म्हणजे बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के, ती ऑक्सिजन ॲनालायझरनेच मोजायची. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली काढा (ओल्या हवेने आकडा चुकतो) आणि थेट तोटीवर मोजा. एकदा दोन लिटरवर, एकदा पूर्ण पाचवर. चांगलं मशीन दोन्हीकडे ९३च्या आसपास, तीन वर-खाली दाखवतं. बहुतेक मशीनचा इशारा ८२ ते ८५च्या खाली गेल्यावरच येतो. काही स्वस्त मशीनमध्ये तर शुद्धतेचा सेन्सरच नसतो. दिवा लागला नाही यावर विसंबू नका. आकडा चांगला आला तर बाटलीचं झाकण बघा. पुढची नळी चिमटीत दाबून धरा. बुडबुडे थांबून वरच्या वाल्व्हची शिटी वाजली पाहिजे. बुडबुडे चालूच राहिले तर ऑक्सिजन झाकणातून गळतोय.

प्रश्न : शुद्धता ७८ आली. मेकॅनिक म्हणतो सिव्ह बेड (दाण्यांची नळकांडी) बदला, आणि खर्च नव्या मशीनच्या निम्मा सांगतो. दुसरा म्हणतो, दाणे बाजारातून आणून भरून देतो. काय करू? (मुरार)

दोघांनाही एकच विचारा: मशीनमधल्या ऑक्सिजनच्या टाकीचा दाब मोजला का? दाब न मोजता सिव्ह बेड बदला म्हणणं मला पटत नाही. शुद्धता कमी आणि दाबही कमी असेल, तर दाण्यांवर खापर फोडण्याआधी तीन जागा बघायच्या: तुंबलेला इनटेक फिल्टर, सैल झालेला नळीचा जोड आणि कॉम्प्रेसरच्या पिस्टनवरचं झिजलेलं कप सील. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की गळती लगेच फुगे दाखवते. कप सीलचा किट सिव्ह बेडच्या मानाने फारच स्वस्त पडतो. दाब उलट नेहमीपेक्षा जास्त आणि शुद्धता कमी, असं असेल तर मात्र दाणे ओल पिऊन बसल्याचा संशय धरा. पण त्याआधी बाहेर हवा टाकणारा मफलर चोंदलेला नाही ना, हे बघून घ्या. फुस्स आवाजाची लय बिघडली असेल, एक बाजू जोरात आणि दुसरी गप्प, तर दोष नळकांड्यांत आळीपाळीने हवा सोडणाऱ्या वाल्व्हचा.

मफलर काढून त्याखाली बोट फिरवा. पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली, तर दाणे फुटू लागलेत. तीच भुकटी वाल्व्हमध्ये जाऊन बसते, म्हणून अशा वेळी वाल्व्ह साफ केल्याशिवाय नवे बेड बसवू नयेत. बसवायचे ते जोडीनेच. सुटे दाणे भरून घेऊ नका. झिओलाइट उघड्या हवेत ठेवला की लगेच ओल ओढतो, आणि नळकांड्यात तो स्प्रिंगने घट्ट दाबलेला नसला तर दाणे एकमेकांवर घासून पुन्हा पीठ होतं. आणखी एक कळकळीने सांगतो: आतल्या कुठल्याही जोडाला तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते पेट घेतं.

प्रश्न : बाबांना गरम होतं म्हणून मशीन कूलरच्या समोरच ठेवलंय. चालेल ना? (सूनबाई, दौलतगंज)

कूलर बाबांसाठी असू द्या, मशीन तिथून हलवा. कूलरची हवा ओलसर असते आणि ओल हाच दाण्यांचा शत्रू. मात्र बंद कोपऱ्यातही ठेवू नका. बरीच मशीनं ४० अंशांपर्यंतच चालवायची असतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात जातो. भिंतीपासून फूटभर लांब, सावलीच्या खोलीत, पडद्यापासून दूर. देवघर आणि गॅस दोन्ही तीन मीटरच्या पलीकडे हवेत. समई आणि उदबत्तीचं विशेष सांगतो, कारण बऱ्याच घरांत आजारी माणसाची खाट देवघराशेजारीच असते.

बाहेरचा स्पंजचा फिल्टर आंधीच्या दिवसांत दोन-तीन दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. आतला इनटेक फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. मागच्या उन्हाळ्यात एका घरी तो काढला तेव्हा पांढऱ्याचा काळा-राखाडी झाला होता, आणि नाकाशी नेला तर उदबत्तीचा वास. तो बदलल्यावर त्या मशीनचा दाब परत आला, दुसरं काहीच करावं लागलं नाही.

प्रश्न : लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल? (थाटीपूर)

पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा. १५० एएचची नवी बॅटरी, दुसरा भार नसेल तर, तीन-चार तास काढते. तरी बी-टाइप सिलिंडर भरलेला ठेवाच. त्यात सुमारे १५०० लिटर असतात, म्हणजे दोन लिटरने बारा तास.

प्रश्न : २०२१ साली घेतलेलं मशीन कपाटात आहे. शेजारच्या आजोबांना देऊ का? (शिंदे की छावनी)

मोजल्याशिवाय देऊ नका. बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये पावसाळ्याची ओल शिरते. शिवाय त्या वर्षी अशी मशीनंही विकली गेली, जी एक लिटरवर ९० टक्के देत आणि सहा-सातवर जेमतेम ३०. आजोबांना जितके लिटर सांगितलेत, त्याच आकड्यावर अर्धा तास चालवून मोजा. तिथे ९०च्या वर टिकलं, तर नवी नळी आणि नवी बाटली लावून, डॉक्टरांना विचारून द्या. नाही टिकलं, तर आजोबांच्या घरच्यांना तसं स्पष्ट सांगा आणि तपासलेलं मशीन भाड्याने मिळवून द्यायला मदत करा.